नको ती हवा

गेल्या दिवाळीत आमच्या घरी पातळ पोह्यांच्या चिवड्याची वीट तयार झाली. लांबी नऊ इंच, रुंदी सहा, जाडी जेमतेम दीड. काजूंचे तुकडे झाले होते, शेंगदाण्यांची टरफलं उडाली होती आणि कढीपत्त्याचं एक पान प्लॅस्टिकला आतून असं चिकटलं होतं, की शाळेच्या वहीत जपलेलं पिंपळपान आठवावं. आमचे हे ती वीट दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात उभे होते.

"बघ, आत हवेचा कण राहिलेला नाही."

"चिवड्याचाही राहिलेला नाही," मी म्हटलं.

अन्नाच्या पिशवीतली हवा काढून ती सीलबंद करणारं मशीन आमच्या घरी आलं त्याची ही सुरुवात. ते आलं कसं, याचं उत्तर सोपं आहे. माणूस सरकारी नोकरीतून निवृत्त होतो, पण त्याच्यातला खातेप्रमुख निवृत्त होत नाही. त्याला घरातलं एखादं खातं सांभाळायला लागतं. आमच्या ह्यांनी आधी भाजीबाजार घेऊन पाहिला, मग गॅसचे हिशेब, मग गच्चीवरच्या कुंड्या. शेवटी फ्रीजवर येऊन स्थिरावले. "अगं, या फ्रीजमध्ये नियोजनच नाही," असं ते एका दुपारी म्हणाले तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. आठ दिवसांनी खोका दारात.

मशीन दिसायला बाजाच्या पेटीच्या धाकट्या बहिणीसारखं. लांबुळकं, पांढरं, वर झाकण. झाकण उघडलं की आत एक उथळ पन्हाळी, तिच्याभोवती फोमची मऊ कड, आणि पुढच्या बाजूला खाकी पट्टीखाली लपलेली तापणारी तार. पिशवीचं तोंड त्या पन्हाळीत सोडायचं, झाकण दोन्ही टोकांना दाबून खट्‌ असा आवाज काढायचा आणि बटण दाबायचं. घर्रर्र करून पंप सुरू होतो, पिशवी आतल्या जिनसाला ओल्या लुगड्यासारखी लपेटत जाते, मग आवाज बदलतो, लाल दिवा लागतो, तार तापते आणि तोंड चिकटतं. सगळं मिळून अर्धा-पाऊण मिनिट. बघायला इतकं छान, की पहिल्या दिवशी ह्यांनी घरातलं जे जे हाताला लागेल ते बंद केलं. साबुदाणा, बडीशेप, रिमोटचे सेल. माझा चष्मा वेळेवर मिळाला म्हणून वाचला.

मराठीत हवा या शब्दाने आधीच गोंधळ घातलेला आहे. जे हवं ते हवं, आणि जी हवा ती मात्र नको. "तुला हवा काढून हवी का?" असं हे डबा हातात घेऊन विचारायचे आणि मी दोन क्षण वाक्यरचनेतच अडकायची.

चिवड्याच्या विटेमागचं शास्त्र मला संध्याकाळी चहाबरोबर ऐकावं लागलं. मशीन काही दाबत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते फक्त आतली हवा काढतं. दाबते ती बाहेरची हवा. आपल्या अंगावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो हवेचा भार कायम असतो, आतूनही तेवढाच रेटा असतो म्हणून कळत नाही. वीस बाय तीस सेंटिमीटरची पिशवी म्हणजे सहाशे चौरस सेंटिमीटर. आतली हवा पुरती काढली तर एका अंगाला सहाशे किलो. घरगुती पंप काही पुरती हवा काढत नाही, पण चारशे किलो धरायला हरकत नाही. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे इथला दाब मुंबईपेक्षा सहाएक टक्क्यांनी कमी. म्हणजे हाच चिवडा मुंबईत याहून बारीक झाला असता. मग ओघाने सतराव्या शतकातल्या जर्मनीत जाणं आलं. माग्देबुर्ग शहराचे महापौर ओटो फॉन गेरिके यांनी तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांवर ठेवून आतली हवा पंपाने काढली, आणि दोन्हीकडून आठ-आठ घोडे जुंपले तरी ते गोल सुटेनात. झडप उघडून हवा आत सोडली, तर हाताने वेगळे झाले.

सासूबाई इतका वेळ कोपऱ्यात वाती वळत होत्या. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट. त्या म्हणाल्या, "चारशे किलो घातलेस होय रे त्याच्यावर? मग चिवड्याचं काय चुकलं?"

चूक चिवड्याची नव्हतीच. कुरकुरीत, पोकळ, नाजूक अशा कुठल्याही पदार्थाची हवा काढायची नसते, हे आम्हाला चिवड्याने, चकलीने आणि एका अभागी अनारशाने शिकवलं. वेफर्सच्या पाकिटात निम्मी हवाच भरतात म्हणून आपण जन्मभर नावं ठेवली. ती साधी हवा नसते, नायट्रोजन असतो. तेलकट पदार्थ खवट होऊ नये म्हणून प्राणवायू बाहेर, आणि प्रवासात चुरा होऊ नये म्हणून पाकीट फुगलेलं, अशी ती दुहेरी सोय. आपल्या घरी नायट्रोजनचं नळकांडं नाही, तेव्हा चिवड्याच्या पिशवीला 'फक्त सील' हे बटण. बहुतेक मशीनांवर ते असतं. आणखी एक बटण असतं, ते दाबून धरलं तेवढाच वेळ पंप चालतो. पिशवी आवळायला लागली की बोट उचलायचं. आमच्या ह्यांना बोट उचलणं जड जातं. सोडून देण्याची सवय खात्यात कधी लागली नव्हती.

मग होळी आली. पुरणपोळ्या झाल्या, कटाची आमटी उरली. ती पिशवीत ओतून ह्यांनी मशीनच्या तोंडी दिली. पंपाने हवा ओढली, हवेमागोमाग आमटी निघाली, आणि पन्हाळीत खोबऱ्याचे तुकडे तरंगायला लागले. मी बटण बंद करीपर्यंत मशीन चांगलं वाटीभर प्यायलं होतं. नंतर दोन दिवस ते चालू केलं की गोड्या मसाल्याचा वास यायचा. अगदी वाईट नव्हता.

पातळ पदार्थांची युक्ती आम्हाला त्यानंतर सुचली, आणि ती इतकी सोपी की स्वतःचाच राग यावा. आमटी, आमरस, चिंचेचा कोळ, भाजीचा रस्सा, काहीही असो, आधी चौकोनी डब्यात घालून फ्रीझरमध्ये घट्ट गोठू द्यायचं. दुसऱ्या दिवशी डबा मिनिटभर नळाखाली उलटा धरला की लादी सुटून येते. ती पिशवीत घालायची आणि मग हवा काढायची. आता आमच्याकडे आमरसाच्या लाद्या असतात, एकावर एक रचलेल्या, फरशीच्या दुकानात असाव्यात तशा. मऊ ब्रेडचंही तेच. तासभर कडक होऊ दिला नाही तर त्याची भाकरी होते. स्ट्रॉबेरी ताटात सुट्टी सुट्टी गोठवून घेतली नाही, तर पिशवीतच जॅम. आणि गरम काही चुकूनही घालायचं नाही. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे कोमट म्हणून घातलेली भाजी आत वाफा सोडते, वाफ पंपात जाते, आणि पंपाला दमा लागतो.

पण खरी गोम पिशवीच्या तोंडाशी आहे. सहा महिने या मशीनची चाकरी केल्यावर माझं असं मत झालंय, की दहातली नऊ सीलं फसतात ती तोंडापायी. चिकटणाऱ्या जागी तेलाचा एक ओघळ, हळदीचा एक कण, पाण्याचा एक थेंब असला तरी तार कितीही तापो, तिथे सील धरत नाही. गंमत म्हणजे लगेच कळत नाही. पिशवी पहिले दोन तास ताठ असते, रात्री ठीक असते, आणि सकाळी बघावं तर सैल पडलेली. म्हणून भरण्याआधी पिशवीचं तोंड बाहेरच्या बाजूला चार बोटं दुमडून घ्यायचं, भांडी घासायला बसताना बाह्या दुमडतो तसं. भरून झालं की उलगडायचं. आतली बाजू कोरडी ठणठणीत राहते. मी हे माझ्या भावजयीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "वन्सं, एवढंच?" एवढंच. त्यासाठी आम्ही दोन रोल वाया घालवले.

गोडा मसाला, मेतकूट, भाजणी यांची तऱ्हा निराळी. पूड हवेबरोबर वर चढते आणि नेमकी सीलच्या रेघेवर जाऊन बसते. तिच्यावर कागदी रुमालाची एक घडी अंथरायची, म्हणजे हवा वर येते आणि मेतकूट खाली राहतं. पिशवी काठोकाठ भरायची नाही, जिनसाच्या वर निदान चार बोटं जागा मोकळी हवी. ह्यांना ती जागा वाया गेल्यासारखी वाटायची. रोल महाग असतात हे मलाही मान्य आहे, पण चार बोटं वाचवायला जाऊन अख्खी पिशवी जाते. तोंडाला सुरकुती राहू द्यायची नाही, दोन्ही कोपरे चादरीच्या घडीसारखे ताणून धरायचे. हमखास टिकायला हवं असेल तर पहिल्या रेघेखाली अर्ध्या इंचावर दुसरी रेघ. आणि दोन पिशव्यांच्या मध्ये मशीनला अर्धं मिनिट श्वास घेऊ द्यायचा. सलग दहा पिशव्या केल्या तर तार इतकी तापते की तोंड चिकटायच्या ऐवजी वितळतं. अशी वितळलेली पिशवी वरवर बंद दिसते, पण रेघेच्या कडेला टाचणीएवढं भोक असतं.

भोकांचं आणखी एक मूळ आत असतं. बेडगी मिरचीचे देठ, लवंगा, दालचिनीची टोकं, सोड्यांच्या अणकुचीदार शेपट्या. हवा निघाली की प्लॅस्टिक त्यांच्यावर आवळलं जातं आणि सुई टोचल्यासारखं भोक पडतं. टोकदार जिनसाला आधी कागदाचा वेढा द्यायचा. ही अक्कल मला स्वतःला आली, कारण मिरच्या माझ्या होत्या.

माझ्या हुशारीचा विषय निघालाच आहे तर दुधाच्या पिशव्यांचं सांगून टाकते. आमच्या घरात दुधाची रिकामी पिशवी फेकत नाहीत. धुऊन, खिडकीच्या गजाला टांगून, वाळवून ठेवतात. एवढ्या सुंदर पिशव्या घरात असताना मशीनच्या विकतच्या पिशव्या कशाला, हा माझा साधा प्रश्न. लावून पाहिली. पंप घर्रर्र करत राहिला, पिशवीचं तोंड मिटलं आणि आतली हवा आत, बाहेरची बाहेर. कारण विकतच्या पिशवीला हात लावल्यावर कळतं. तिच्या एका अंगावर बारीक नक्षी असते, वॉफलच्या साच्यासारखी. ती शोभेसाठी नसते. प्लॅस्टिकचे दोन गुळगुळीत पापुद्रे एकमेकांवर बसले की मधून हवेला वाट राहत नाही. नक्षीच्या खाचांतून ती बाहेर पडते. शिवाय ती पिशवी दुहेरी असते. बाहेर नायलॉन, जे हवा आणि वास अडवतं, आणि आत पॉलिथिन, जे वितळून चिकटतं. हे कळल्यावर मी नक्षीवाल्या पिशवीची दोन बोटं रुंद पट्टी कापली, गुळगुळीत पिशवीच्या तोंडात उभी सरकवली आणि बटण दाबलं. हवा निघाली! सीलही बसलं, पट्टीसकट. ह्यांनी ती पिशवी उलटीसुलटी करून तपासली आणि "वा" म्हणाले. दुधाची पिशवी वास अडवत नाही आणि फार दिवस दमही धरत नाही, तेव्हा ही युक्ती आठ-पंधरा दिवसांच्या डाळी-साळींपुरतीच. पण त्या "वा"ची तारीख मी लिहून ठेवली आहे.

सासूबाईंचा या सगळ्याशी संबंध वाती वळण्यापुरता होता. एके दिवशी ह्यांनी हळकुंडांची पिशवी बंद केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "आई, ही आता वर्षानुवर्षं राहील. किडा लागायचा नाही." त्यांनी ती हातात घेतली, कडक झालेल्या प्लॅस्टिकवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "म्हणजे पेवच की रे हे."

माझं माहेर कोकणातलं. पेव हा शब्द मला 'पेव फुटलं' एवढ्यापुरता माहीत. क्लासेसचं पेव फुटलं, बाबांचं पेव फुटलं. ते मुळात काय असतं, हा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता. सासूबाई सांगलीच्या. वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी. सांगलीशेजारी कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, तिथली माती पेवांसाठी नावाजलेली. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट रांजणासारखं सुटलेलं. आत पाचोळ्याचा थर द्यायचा, हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवून मातीने लिंपून टाकायचं. वर गाडीवाट असली तरी खाली हळद आहे हे परक्याला कळायचं नाही. अशी ती वर्षानुवर्षं राहायची, रंगही उतरायचा नाही. यात पंप कुठे आहे? पंप नाहीच. आतला किडा-मुंगी आणि आतल्या ओलाव्यावर जगणारे जंतू, सगळे मिळून आतला प्राणवायू संपवतात, आणि संपला की किड्याचं काही चालत नाही. हवा काढायची नाही, तिला आतल्या आत खर्ची पडू द्यायची.

"आणि उघडताना?" मी विचारलं.

"उघडून लगेच उतरायचं नाही. वारा खाऊ द्यायचा त्याला. मग कंदील सोडायचा दोरीला बांधून. कंदील विझला तर माणसानं जायचं नाही. गेली आहेत माणसं अशी." त्यांनी वात वळून तबकात ठेवली. "२००५ च्या पुरात पाणी शिरलं पेवांत. पुष्कळ गेली."

ह्यांच्या तोंडून बराच वेळ माग्देबुर्ग निघालं नाही.

तेव्हापासून सासूबाईंच्या लेखी मशीनचा दर्जा वाढला, पण विश्वास बसला नाही. आणि त्यांचा अविश्वास रास्त होता, हे आम्हाला फ्लॉवरने दाखवलं. स्वस्त होता म्हणून ह्यांनी दोन गड्डे आणले, तुरे काढून कच्चेच बंद केले आणि फ्रीजमध्ये ठेवले. आठवड्याने पिशव्या उशीसारख्या फुगलेल्या. सील उत्तम होतं. हवा बाहेरून आत गेली नव्हती, आतच तयार झाली होती. फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली ही मंडळी तोडल्यावरही वायू सोडत राहतात. त्यांना आधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुचकळून, थंड पाण्यातून काढून, फडक्यावर कोरडं करून मग बंद करायचं आणि थेट फ्रीझरमध्ये टाकायचं. डोशाच्या पिठाबद्दल मी काही बोलणार नाही. आंबणारं पीठ हवाबंद पिशवीत घालू नये, हे वाक्य पुरे. आमच्या फ्रीजची भाजीची खणं त्या रविवारी बाहेर काढून धुवावी लागली.

एका बाबतीत मात्र विनोद नको. हवा नाही म्हणजे जंतू नाहीत, असा समज होणं सोपं आहे, आणि तो चुकीचा आहे. बुरशीला आणि नेहमीच्या बऱ्याच जंतूंना हवा लागते, ते खरं. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जंतू आहे, त्याला उलट हवाच नको असते. त्याची बीजं मातीत असतात, म्हणजे मातीतून येणाऱ्या लसणावर, बटाट्यावरही असू शकतात. ओलं, आंबट नसलेलं अन्न, हवा नाही आणि ऊब आहे, अशी जागा मिळाली की तो वाढतो आणि विष तयार करतो. त्या विषाला वास असेलच असं नाही, पिशवी फुगेलच असंही नाही. म्हणून सोललेला लसूण, ओली लसणाची चटणी, उकडलेले बटाटे, मशरूम, शिजवलेली भाजी हे हवाबंद करून ओट्यावर किंवा कपाटात ठेवायचं नाही, अजिबात नाही. फ्रीजमध्येसुद्धा हवाबंद म्हणून दिवस वाढवून धरायचे नाहीत. टिकवायचं तर उणे अठरा अंशांचा फ्रीझर. हे मशीन फ्रीजला पर्याय नाही, जोड आहे. आमच्या ह्यांनी लसणाच्या चार पिशव्या मसाल्याच्या कपाटात रचल्या होत्या. त्या मी न विचारता फेकल्या, आणि त्यावर त्यांनी पहिल्यांदाच काही टिपणी केली नाही.

मग हे मशीन नेमकं कामाचं कुठे, तर फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधल्या उघड्या पदार्थावर पांढरट, कोरडे डाग पडतात ना, त्यात बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून गेलेला असतो, शाळेत कापराचं संप्लवन शिकलो त्यातलंच. पिशवी अंगाला घट्ट बसली की त्याला उडायला जागाच उरत नाही. खवलेला नारळ मी पूर्वी डब्यात ठेवायची, महिन्याने त्याला फ्रीजचा वास लागायचा. आता वाटी-वाटीच्या चपट्या पिशव्या करते. चपट्या, म्हणजे हव्या तेवढ्या मोडून घेता येतात. मटार, मक्याचे दाणे, पुरण, मोदकाचं सारण, सगळं असंच. गव्हाच्या पिठाला आणि रव्याला तर आधी चार-पाच दिवस फ्रीझरची हवा दाखवते, म्हणजे आतली किड्यांची अंडी आटोपतात, मग पीठ पुरतं नेहमीच्या तापमानाला आणून, कोरडं असतानाच बंद करते. थोडी हवा राहते आत, पण जाळी धरलेलं पीठ अजून पाहिलेलं नाही.

चिठ्ठी लावा, हे मात्र हात जोडून सांगते. गोठलेलं सारण आणि गोठलेलं नुसतं खोबरं प्लॅस्टिकमधून जुळी भावंडं दिसतात. मी एकदा सोलकढीसाठी सारण काढलं होतं. गूळ-वेलचीची सोलकढी आमच्याकडे सगळ्यांनी गप्प बसून प्यायली. तेव्हापासून प्रत्येक पिशवीवर ह्यांच्या सुवाच्य अक्षरात नाव, वजन, तारीख आणि खाली सही. सही कशाला, हे मी विचारत नाही.

राहता राहिली मासळी. माझ्या संसारातला सर्वांत जुना तंटा तोच. सासूबाई शुद्ध शाकाहारी, मी रत्नागिरीची. तीस वर्षं माझं सुकं म्हावरं गॅलरीत, डब्यात डबा, त्यावर तिसरा डबा, आणि त्यावर दगड, अशा कडेकोट बंदोबस्तात नांदलं. तरी पावसाळी हवेत सासूबाईंना तुळशीपाशी बसून कळायचं, की भाऊ येऊन गेला. मशीन आल्यावर मी पहिल्यांदा सोडे, मग बोंबील, मग सुकट कागदात गुंडाळून दुहेरी रेघेने बंद केली आणि धीर करून फ्रीझरमध्ये ठेवली. पुरणाशेजारीच. आठवडा गेला, महिना गेला. एकादशीला सासूबाईंनी स्वतः हात घालून वरीच्या तांदळाची पिशवी काढली आणि दार लावलं. काही बोलल्या नाहीत. इतकी शांतता आमच्या घरात सख्ख्या मुलाच्या मध्यस्थीने कधी आली नव्हती.

ओल्या मासळीचा एक नियम तेवढा लक्षात ठेवते. सुरमईच्या तुकड्या गोठलेल्या असताना पिशवी बंद, पण वितळायला फ्रीजच्या खालच्या खणात ठेवताना आधी कात्रीने कोपरा कापायचा. हवाबंद पिशवीत मासळी वितळत ठेवली, की मघाशी सांगितलेल्या त्या जंतूला आपण आमंत्रण धाडल्यासारखं. सुरमईला माझ्या हातून ही कात्री कधी चुकलेली नाही.

परवा सुकट काढली. पिशवी कापली मात्र, इतके महिने आत दबून बसलेला वास असा काही बाहेर आला की माझ्यासारखीने दोन पावलं मागे घ्यावीत. आतल्या खोलीत सासूबाईंची जपमाळ थांबली.

"उघडलंस वाटतं."

"हो. भाजते आता."

"लगेच नको," त्या तिथूनच म्हणाल्या. "पेव उघडलं की आधी वारा खाऊ द्यायचा. गॅलरीत ठेव. दोन तास."

शास्त्रापुढे काय बोलणार? ताटली गॅलरीत नेऊन ठेवली, वर जाळी झाकली आणि आत येऊन तांदूळ धुवायला घेतले. पाचच मिनिटांत बाहेर जाळी पडल्याचा आवाज झाला. पेव फुटल्याची खबर खालच्या मजल्यावरच्या मांजराला आमच्या आधी लागली होती.